वादळाच्या इशाऱ्यावर स्पॅमचा मारा: एका मच्छीमार सोसायटीच्या चॅट सर्व्हरचं प्रकरण

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका मासेमारी बंदराचं आहे. बंदर, सोसायटी आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलाशी झालेलं बोलणं, त्याने दाखवलेले लॉग (सर्व्हर आपोआप ठेवतो त्या नोंदी) आणि कमिटीच्या इतिवृत्तातल्या नोंदी यांवर ते आधारलेलं आहे.

पार्श्वभूमी

सोसायटी मुख्यतः गिलनेटवाल्यांची, थोडे ट्रॉलरवाले. डिझेल, बर्फ, लिलाव आणि कर्जवसुली ही तिची रोजची कामं. व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप आधीपासून होते, अजूनही आहेत. पण त्यात लिलावाचा दर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडला जायचा आणि मागच्या आठवड्यात सुरमई कितीला गेली हे कुणालाच सापडायचं नाही. सचिवांचा भाचा रत्नागिरीत कॉम्प्युटरची कामं करतो. त्याने मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये २ जीबी रॅमचा एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला आणि त्यावर प्रॉसडी हे एक्सएमपीपी चॅटचं मोफत सॉफ्टवेअर बसवलं.

एक्सएमपीपी म्हणजे १९९९ मध्ये जॅबर या नावाने सुरू झालेली पद्धत. ती कुणा एका कंपनीची नाही. ईमेलप्रमाणेच एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या कुठल्याही सर्व्हरवरच्या माणसाशी बोलू शकतो, त्याच्या रूममध्ये, म्हणजे सामायिक चॅटमध्ये, शिरू शकतो. याला फेडरेशन म्हणतात. पुढचं सगळं नाट्य याच सोयीभोवती फिरतं.

सर्व्हरवर चार रूम होत्या: लिलाव दर, बर्फ-डिझेल, हवामान आणि गप्पा. लिलावाचा कारकून मोबाईलवरून आकडा टाकायचा, एक बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, तो दराच्या रूममध्ये चढवायचा. हवामानाच्या रूममध्ये सचिव स्वतः हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेची संभाव्य मासेमारी क्षेत्राची माहिती टाकायचे. या रूमला सगळ्यात जास्त माणसं, तीनशेच्या आसपास.

खातं उघडायला कुणाची परवानगी लागत नव्हती. अ‍ॅप घ्यायचं, नाव आणि पासवर्ड टाकायचा, झालं. हे आळसापोटी नव्हतं. खलाशी दर हंगामाला बदलतात. कुणी नेपाळचा, कुणी कर्नाटकातला, कुणाचं सिम कार्ड महिन्याने बदललेलं. प्रत्येकाला सोसायटीच्या ऑफिसात बोलावून खातं काढून देणं कारकुनाला जमणारं नव्हतं. फेडरेशन चालू होतं, कारण प्रॉसडीत ते मुळातच चालू येतं. त्यावर कमिटीत कधी चर्चाच झाली नाही.

पहिलं लक्षण

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, चॅटमध्ये शुकशुकाट. नेमक्या याच काळात एका सभासदाने तक्रार केली की दुबईतल्या मुलाला मेसेज जात नाहीत. मुलाचं खातं दुसऱ्या एका सर्व्हरवर होतं. त्या सर्व्हरने सोसायटीचा सर्व्हर आख्खाच ब्लॉक केला होता.

कारण लॉगमध्ये होतं. रोबो खाती उघडत होते: अक्षरांची नुसती भेळ असलेली नावं, एकामागून एक, रात्री दोन-तीनच्या सुमाराला. ही खाती सोसायटीच्या एकाही रूममध्ये फिरकली नव्हती. ती इथे बसून बाहेरच्या सर्व्हरांवरच्या लोकांना रशियन भाषेतल्या जाहिराती पाठवत होती. म्हणजे स्पॅमचा त्रास होण्याआधी सोसायटीच नकळत स्पॅम पाठवणारी झाली होती. बाहेरच्या चालकांनी कळवलंही होतं, पण सर्व्हरवर तक्रारीसाठी जो ईमेल पत्ता जाहीर होता, तो भाच्याच्या कॉलेजच्या दिवसांतला. त्यात कुणी डोकावत नव्हतं.

भाच्याने ती खाती उडवली, अ‍ॅपमधून होणारी नोंदणी बंद केली आणि नोंदणीसाठी वेबवर एक पान केलं. त्या पानावर एक प्रश्न मराठीत: ‘१ ऑगस्टला बंदरात काय सुरू होतं?’ रोबो तिथेच अडकले. पण मराठी न वाचता येणारे खलाशीही अडकले. त्यांच्यासाठी तांडेल, म्हणजे नौकेचे प्रमुख, उत्तर लिहून द्यायला लागले, आणि कमिटीला वाटलं की विषय मिटला. मला वाटतं, नोंदणी हेच एकमेव दार आहे असं गृहीत धरणं हा या प्रकरणातला कळीचा टप्पा. फेडरेशनचं दार तसंच सताड उघडं राहिलं.

हल्ल्याची रात्र

ऑगस्टच्या मध्यावर, हंगाम नुकता सुरू झालेला असताना, हवामान खात्याचा इशारा आला: ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाचे वारे, झोत ६५ पर्यंत, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. सचिवांनी तो संध्याकाळी रूममध्ये टाकला. काही नौका बाहेर होत्या, त्यांतल्या बऱ्याच परतीच्या वाटेवर. तासाभरात हवामानाच्या रूममध्ये अनोळखी नावं शिरू लागली. प्रत्येक जण येऊन निरर्थक अक्षरांचे लांबलचक मेसेज टाकायचा, बाहेर जायचा, नव्या नावाने परत यायचा.

इथे थोडा हिशेब समजून घ्यायला हवा. रूममध्ये ३०० जण असतील तर सर्व्हरला आलेल्या एका मेसेजच्या ३०० प्रती पाठवाव्या लागतात. वीस बॉटनी सेकंदाला एकेक मेसेज टाकला की सेकंदाला ६,००० प्रती झाल्या. रूममध्ये शिरणं आणि बाहेर पडणं याचीही सूचना प्रत्येकाला जाते, म्हणजे नुसती ये-जासुद्धा तितकीच महाग. हल्लेखोराकडे मोठी यंत्रणा असावी लागत नाही. गुणाकार आपलाच सर्व्हर करतो.

दुसरी गोष्ट कोकणातल्या किनाऱ्याशी जास्त जोडलेली. नौका समुद्रात जराशी आत गेली की रेंज जाते, परतताना खाडीच्या तोंडाशी पुन्हा येते. अशा तुटक्या नेटसाठी एक्सएमपीपीत सोय आहे: फोन गायब झाला तरी सर्व्हर काही मिनिटं त्याची जागा धरून ठेवतो आणि त्याचे मेसेज रांगेत साठवतो. प्रॉसडीत हा काळ ठरवता येतो, इथे तो दहा मिनिटांचा होता. एरवी हे वरदान. त्या संध्याकाळी मात्र रेंजबाहेरच्या प्रत्येक फोनच्या नावाने कचऱ्याची वेगळी रांग मेमरीत वाढत गेली. २ जीबी भरली आणि सर्व्हर चालवणाऱ्या लिनक्सने प्रॉसडीची प्रक्रियाच मारून टाकली.

तिसरी गोष्ट जुन्या मेसेजच्या साठ्याची. रूममधलं सगळं साठवलं जात होतं, म्हणजे कचराही. ज्या तांडेलाचा फोन खाडीच्या तोंडाशी रेंजमध्ये आला, त्याच्या फोनने इमानदारीने तो सगळा साठा उतरवायला घेतला. खरा इशारा त्यात कुठेतरी वर गेलेला. एका तांडेलाने सचिवांना सरळ फोन लावला: ‘भाऊ, मोबाईल नुसता टुंगटुंग करतोय. हवामानाचं काय आलंय ते तोंडी सांगा.’

सोसायटीच्या ऑफिसात नौकांशी बोलायचा व्हीएचएफ रेडिओ सेट होता, आणि चॅटच्या आधीपासूनची इशाऱ्याची रीत तीच. सचिवांनी चॅनल १६ वर हाक देऊन नौकांना दुसऱ्या चॅनलवर घेतलं आणि इशारा वाचून दाखवला. बाहेरच्या सगळ्या नौका रात्री उशिरापर्यंत बंदरात आल्या. त्यात चॅटचा वाटा शून्य.

समोर असलेले पर्याय

पहिला तासभर भाचा एकटा झुंजत होता आणि त्याने जे केलं ते बहुतेक कुणीही केलं असतं: आयपी पत्त्यावर, म्हणजे जोडणी ज्या इंटरनेट पत्त्यावरून येते त्यावर, मर्यादा. एका पत्त्यावरून मिनिटाला ठरावीक संख्येपेक्षा जास्त जोडण्या आल्या तर तो पत्ता तासभर बंद. मग त्याने प्रॉसडी पुन्हा सुरू केलं.

याचा परिणाम उलटा झाला. प्रॉसडी पडलं तेव्हाच धरून ठेवलेल्या सगळ्या जागा मेमरीतून गेल्या होत्या. म्हणून ते उठताच सगळे फोन एकाच वेळी नव्याने जोडायला आले. आपल्याकडे मोबाईल कंपन्या आयपीव्ही४ पत्ता शेकडो ग्राहकांत वाटून देतात. बंदरातले फोन सर्व्हरला दिसत होते ते मोजक्या चार-पाच पत्त्यांवरून. नियमाने ते पत्ते हल्लेखोर ठरवले आणि निम्मं बंदर बाहेर काढलं. बॉट मात्र जागच्या जागी, कारण ते फोनसारखे येतच नव्हते. ते बाहेरच्या तीन सर्व्हरांवरच्या खात्यांमधून, सर्व्हर-ते-सर्व्हर जोडणीने येत होते. लॉगमध्ये हे पहिल्या मिनिटापासून स्पष्ट होतं. पण डोकं ‘किती जोडण्या’ मोजण्यात गुंतलं होतं, ‘कुठल्या दारातून’ हा प्रश्न पडलाच नाही.

रात्री नऊच्या सुमाराला ऑफिसात चेअरमन, सचिव, भाचा आणि दोन तांडेल बसले. चेअरमनांचं मत पडलं की सर्व्हर सरळ बंद करा, व्हीएचएफ आहे, फोन आहेत. हे वेडगळ नव्हतं. खरं तर त्या रात्रीपुरतं ते सगळ्यात सुरक्षित होतं. भाच्याचा विरोध एवढाच, की बंद केलेला सर्व्हर हल्लेखोराला पावती देतो, आणि पुढच्या इशाऱ्याला तो पुन्हा येईल. हा युक्तिवाद मला पटत नाही. हल्लेखोराला काय कळतं यापेक्षा बाहेरच्या नौकांना काय कळतं हे महत्त्वाचं होतं. पण दुसऱ्या एका कारणासाठी सर्व्हर चालू ठेवणं बरोबर ठरलं: घरची मंडळी. बायका, म्हातारे आईबाप हवामानाच्या रूममध्येच ‘अमुक नौका आली’ ही बातमी वाचत होते. व्हीएचएफ त्यांच्या घरात नाही.

एकेका बॉटला रूममधून हद्दपार करणं हा पर्याय भाच्याने आधीच करून पाहिला होता. हद्दपारी खात्याच्या पत्त्यावर लागते, आणि बॉटकडे खात्यांची ददात नव्हती. आख्ख्या सर्व्हरला रूममध्ये बंदी घालता येते, ती जास्त कामाची. पण चौथा सर्व्हर कधी उगवेल सांगता येत नाही.

मग राहिले दोन. एक, रूम नियंत्रित करायची: येणारा प्रत्येक जण नुसता प्रेक्षक, बोलण्याचा हक्क फक्त नेमलेल्यांना. यावर एका तांडेलाने हरकत घेतली. ‘दर्यात अडकलेला माणूस काही विचारायला आला तर त्याचं तोंड बांधायचं?’ प्रश्न खरा होता, आणि त्यावर बराच वेळ गेला. शेवटी सचिवांनी विचारलं की आजवर समुद्रातून कुणी या रूममध्ये मदत मागितली आहे का. कुणालाच आठवेना. अडचणीतला माणूस व्हीएचएफवर ओरडतो नाहीतर तटरक्षक दलाच्या १५५४ वर फोन करतो.

दोन, फेडरेशन तोडायचं. फोन सर्व्हरला ५२२२ या पोर्टवर (सर्व्हरच्या क्रमांक दिलेल्या दारावर) जोडतात, बाहेरचे सर्व्हर ५२६९ वर. दुसरं पोर्ट फायरवॉलमध्ये बंद केलं की बाहेरून येणारं सगळं थांबतं आणि बंदरातल्या फोनना धक्का लागत नाही. किंमत ठाऊक होती: दुबईतल्या, मुंबईतल्या दुसऱ्या सर्व्हरवरच्या नातेवाइकांचा संपर्क त्या रात्रीपुरता तुटणार.

काय केलं

साडेनऊनंतर भाच्याने आधी आयपीची मर्यादा काढली, मग ५२६९ बंद केलं. मारा त्याच मिनिटाला थांबला. हवामानाची रूम नियंत्रित केली. बोलण्याचा हक्क सचिव, चेअरमन आणि तीन तांडेलांना. इशारा पुन्हा टाकला. साठा डेटाबेसमध्ये असल्याने त्या संध्याकाळचा कचरा पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून गाळून पुसता आला. ज्यांच्या फोनवर तो आधीच उतरला होता, त्यांना तो हाताने काढावा लागला.

पुढच्या काही दिवसांत खरं काम झालं. तिन्ही सर्व्हरांच्या चालकांना लॉगसह ईमेल गेले. दोघांनी उत्तर दिलं आणि आपली मोकळी नोंदणी बंद केली. तिसऱ्याकडून काहीच आलं नाही, तो आजही ब्लॉक आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा नाकारण्याच्या हल्ल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. सोसायटीने कळवलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, कारण असा काही नियम आहे हे तोवर कुणाला माहीत नव्हतं. लॉगही तोपर्यंत आठवडाभराने आपोआप पुसले जात होते. तो कालावधी वाढवला.

नोंदणीची पद्धत मुळातून बदलली. मार्च २०२२ मध्ये आलेल्या प्रॉसडी ०.१२ मध्ये आमंत्रणाची सोय आहे: आधीचा सभासद एक लिंक किंवा क्यूआर कोड देतो, त्यानेच नवं खातं उघडतं आणि कुणी कुणाला आणलं याची नोंद राहते. मराठी प्रश्नाचं पान गेलं. आता खलाशाला त्याचा तांडेल आमंत्रण देतो. या बंदरात आयपी पत्ता माणसाबद्दल काहीच सांगत नाही, तांडेल सगळं सांगतो, आणि सर्व्हरने त्यावर भरवसा ठेवावा हे मला या प्रकरणातलं सगळ्यात शहाणपणाचं पाऊल वाटतं.

फेडरेशन उघडलं, पण यादीतल्या सर्व्हरांपुरतं. सभासदांनी ‘माझा मुलगा या सर्व्हरवर आहे’ असं सांगायचं, भाचा तो यादीत घालतो. बोलक्या रूमना प्रत्येक माणसामागे वेगाची मर्यादा लावली: सरासरी दोन सेकंदांना एक मेसेज, मध्ये थोडी उसळी चालते, त्यापुढचा मेसेज ‘थांबा’ म्हणून परत जातो. प्रत्येक जोडणीवर बाइटची मर्यादाही आहे, तिथे मेसेज फेकला जात नाही, सर्व्हर नुसता सावकाश वाचतो.

रेंजबाहेरच्या फोनची जागा किती वेळ धरायची यावर भाचा आणि मी बरंच बोललो. दहाची दोन मिनिटं केली तर मेमरी वाचते, पण खाडीत येणाऱ्या प्रत्येक नौकेचा फोन नव्याने जोडणार, रूममध्ये नव्याने शिरणार, म्हणजे ये-जा वाढणार. त्याने वेळ तशीच ठेवली आणि रांगेच्या लांबीला टोपी घातली. रांग भरली की त्या फोनची जागा सोडून द्यायची. माझ्या मते हेच योग्य. किनाऱ्यावरच्या शहरी वापरासाठी कदाचित उलटं ठरलं असतं.

निष्पत्ती

सप्टेंबरअखेर असाच एक प्रयत्न पुन्हा झाला, यादीत असलेल्याच एका सर्व्हरवरून. बॉट हवामानाच्या रूममध्ये प्रेक्षक म्हणून शिरले, त्यांचे मेसेज परत गेले. गप्पांच्या रूममध्ये थोडा कचरा पडला, वेगमर्यादेने तो रोखला, भाच्याने सकाळी चहा पिता पिता तो सर्व्हर यादीतून काढला. हल्ला कुणी केला हे आजवर कळलेलं नाही. बंदरात दोन-तीन व्यापाऱ्यांची नावं कुजबुजली गेली, पुरावा कुणाकडेच नाही.

सगळंच सुधारलं असंही नाही. गप्पांची रूम ओस पडली. बाहेरचे नातेवाईक यादीच्या भानगडीत न पडता व्हॉट्सअ‍ॅपवर परतले आणि त्यांच्यामागून इथलेही गेले. एका तांडेलाने पुन्हापुन्हा वापरता येणाऱ्या आमंत्रणाचा क्यूआर डिझेल काउंटरवर चिकटवला. कुणीतरी फोटो काढून पुढे पाठवला आणि आठवड्यात लिलाव दराच्या रूममध्ये बाहेरचे दलाल दिसू लागले. आता आमंत्रण एका वापरापुरतंच निघतं.

वेगळं काय करता आलं असतं

हवामानाची रूम पहिल्या दिवसापासून नियंत्रित असती तर त्या संध्याकाळचा अर्धा गोंधळ झालाच नसता. तिथे बोलणारी माणसं मुळातच पाच होती. ऐकणाऱ्या तीनशे जणांना बोलण्याचा हक्क देऊन काहीच मिळत नव्हतं.

जूनमधल्या स्पॅमच्या वेळीच फेडरेशनचा विचार व्हायला हवा होता. बाहेरच्या उघड्या सर्व्हरांवर रोबोंची खाती असतात हे तेव्हा कळलंच होतं, कारण आपणच तसा एक सर्व्हर होतो. ते रोबो उद्या उलट दिशेने आपल्याकडे येतील हा पुढचा विचार कुणी केला नाही.

हल्ला चालू असताना आधी ५२६९ बंद करून मगच प्रॉसडी उठवायला हवं होतं. दार उघडं ठेवून उठवलेला सर्व्हर पहिल्याच मिनिटाला दोन्हीकडून मार खातो, बॉटचा आणि आपल्याच परतणाऱ्या फोनचा. आणि ही परतणारी गर्दी तपासून पाहायला बंदीचे दोन महिने हाताशी होते. जुलैत, सगळे फोन किनाऱ्यावर असताना, दुपारी सर्व्हर मुद्दाम बंद करून उठवला असता तर आयपीची मर्यादा आपल्याच माणसांना कापते हे कुठल्याही वादळाशिवाय दिसलं असतं. आता दर जुलैत हे करायचं असं इतिवृत्तात लिहिलं आहे.

एक मुद्दा अजून सुटलेला नाही. खलाशी हंगामाच्या मध्यावर नौका बदलतो, तेव्हा त्याच्या खात्याची जबाबदारी जुन्या तांडेलाकडे राहते. भाच्याचं म्हणणं, नव्या तांडेलाने पुन्हा आमंत्रण द्यावं. चेअरमन म्हणतात, उचल फेडल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही हा जुना तंटा त्यात घुसेल आणि तांडेल खातं अडवून धरतील. विषय पुढच्या बैठकीच्या पत्रिकेवर आहे.